लहान पेटीतला मोठा खर्ज

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या संगीतवर्गासाठी स्पीकर घ्यायचे ठरले. पैसे अर्थातच मोजके होते. दुकानात दोन जोड्या समोर आल्या. एक लहानशी, चकचकीत प्लास्टिकची. तिच्यावर ठळक अक्षरांत '१००० वॉट पी.एम.पी.ओ.' असे छापलेले. दुसरी साधी, जड, लाकडी. तिच्यावर नुसते '४० वॉट'. किमती जवळजवळ सारख्याच. आकडा मोठा म्हणून आम्ही पहिली जोडी उचलली. शाळेत आणून तानपुऱ्याची ध्वनिफीत लावली, तर जोडाच्या तारा ऐकू येत होत्या. खर्जाची तार मात्र जणू तुटलेलीच! तबल्यातला बायाँ पुठ्ठ्यावर बोट आपटावे तसा वाजत होता. मग आम्ही पेटी उलटी करून मागची पट्टी वाचली. तिच्यावर वीजवापर लिहिलेला होता: १५ वॉट.

१५ वॉट आत घेऊन १००० वॉट बाहेर देणारे यंत्र आम्ही विकत घेतले होते! ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिणाऱ्यांनी! पी.एम.पी.ओ. या आकड्याला सर्वमान्य व्याख्याच नाही, तो कसाही फुगवता येतो, हे नंतर समजले.

या फजितीतून एक चांगली गोष्ट झाली. थोड्या पैशांत चांगला आवाज मिळतो का, आणि मिळत असेल तर तो कसा ओळखायचा, याचा आम्ही शोध घेऊ लागलो. तेव्हा कळले की हा प्रश्न शंभर वर्षे जुना आहे आणि त्याच्या उत्तराचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

कर्ण्याकडून कागदी शंकूकडे

१८७६ मध्ये ग्रॅहॅम बेल यांचा टेलिफोन आला. त्याचा आवाज कानाला यंत्र लावले तरच ऐकू येई. खोलीभर आवाज पसरवायचा तर पडद्यापुढे कर्णा लावणे हा त्या काळी सोपा मार्ग होता. अमेरिकेत पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी १९१५ मध्ये चुंबकीय क्षेत्रात हलणारे तारेचे वेटोळे आणि कर्णा यांची जोडी जमवली आणि तिला 'मॅग्नाव्हॉक्स', म्हणजे लॅटिनमध्ये 'मोठा आवाज', असे नाव दिले. सभेसाठी हे यंत्र उत्तम होते. पण कर्ण्यातून खर्जाचे स्वर हवे असतील तर तो फार मोठा करावा लागतो. लहान कर्ण्यातून माणूस नाकात बोलल्यासारखा ऐकू येतो, हे आपण गावोगावच्या समारंभांत अनुभवलेले आहे.

१९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी कर्णा काढून टाकला. त्यांच्या स्पीकरमध्ये एक लहान कागदी शंकू होता, मागे तारेचे वेटोळे आणि भोवती चुंबकीय क्षेत्र. आज आपण कोणताही साधा स्पीकर उघडला तर आत हीच रचना सापडते.

त्यांची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. शंकू स्प्रिंगला टांगलेल्या वजनासारखा असतो. त्याला स्वतःची एक नैसर्गिक वारंवारता असते. राइस आणि केलॉग यांनी ही वारंवारता मुद्दाम खाली, संगीताच्या मुख्य पट्ट्याच्याही खाली ठेवली. त्यामुळे वरच्या स्वरांना शंकूची हालचाल वारंवारतेबरोबर कमी कमी होत जाते. पण त्याच वेळी लहान शंकूची हवेला ढकलण्याची क्षमता वारंवारतेबरोबर वाढत जाते. एक घटते, दुसरी वाढते आणि दोन्हींचा परिणाम एकमेकांस भरून काढतो. म्हणून सर्व स्वर जवळपास सारख्या जोराने बाहेर येतात.

अडचण राहिली ती खर्जाची. शंकू पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते, पण त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. ५० हर्ट्‌झच्या ध्वनीची तरंगलांबी जवळजवळ ७ मीटर असते. तिच्यापुढे लहानसा शंकू तो काय! पुढचा दाब कडेवरून वळून मागे जातो आणि दोन्ही लाटा एकमेकींना मारून टाकतात. हा प्रयोग वर्गात सहज करता येतो. जुन्या रेडिओतला सुटा स्पीकर वाजवा. आवाज किरटा येईल. मग एका मोठ्या पुठ्ठ्याला स्पीकरच्या मापाचे भोक पाडून त्यावर तो घट्ट बसवा. खर्ज एकदम भरून आलेला मुलांना ऐकू येईल. विद्युतपुरवठा तोच, स्पीकर तोच. बदलली ती फक्त लाटेची वाट.

पुठ्ठ्याऐवजी बंद पेटी केली तर मागची लाट पुरती कोंडली जाते. पण कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि शंकूची नैसर्गिक वारंवारता वर नेते. पेटी जितकी लहान, तितकी ही स्प्रिंग ताठ आणि तितका खर्ज कमी. बेल प्रयोगशाळेतील आल्बर्ट थुरास यांनी यावर निराळा उपाय काढला. १९३२ मध्ये मिळालेल्या त्यांच्या पेटंटात पेटीला एक भोक ठेवलेले होते. त्या भोकातील हवा आणि पेटीतील हवा मिळून एका ठरावीक वारंवारतेला डोलू लागते आणि मागच्या लाटेचाही उपयोग होतो. आपल्याकडे स्पीकर माठाच्या तोंडावर ठेवून 'बेस' वाढवण्याची युक्ती अनेक घरांत होती, तिच्यामागे हेच तत्त्व. फरक एवढाच की माठाची वारंवारता स्पीकरशी जुळवलेली नसते. त्यामुळे माठ आपला एकच स्वर घुमवतो आणि गाण्यातला प्रत्येक खर्ज त्याच एका स्वरात ऐकू येतो.

गादीच्या खोळीचे कापड

१९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी दीर्घवादी तबकडी बाजारात आणली. तबकडीवरचा आवाज सुधारला आणि चांगल्या स्पीकरची मागणी वाढली. पण खरा खर्ज हवा असेल तर कपाटाएवढी पेटी लागे. पॉल क्लिप्श यांनी १९४० च्या दशकात खोलीच्या कोपऱ्यात बसवायचा दुमडलेला कर्णा तयार केला होता. आवाज उत्तम, पण आकार आणि किंमत दोन्ही मध्यमवर्गीय माणसाच्या आवाक्याबाहेर.

येथे एका शिक्षकाचा प्रवेश होतो. एडगर विल्चर (१९१७–२०११) न्यूयॉर्क विद्यापीठात ध्वनीच्या पुनर्निर्मितीवर वर्ग घेत असत. त्यांनी प्रश्न उलटा करून पाहिला. पेटीतली हवा स्प्रिंगसारखी वागते, ही सर्वांना अडचण वाटत होती. विल्चर म्हणाले, तीच स्प्रिंग वापरू या!

त्यापूर्वीच्या स्पीकरमध्ये शंकू त्याच्या कडेच्या ताठ घड्यांनी आणि मागच्या आधाराने जागेवर राहत असे. खर्जासाठी शंकूला बरेच पुढे-मागे जावे लागते. सारख्याच जोराचा आवाज हवा असेल तर वारंवारता निम्मी झाल्यावर शंकूची हालचाल चौपट व्हावी लागते. एवढ्या ताणाला कागदी घड्या सरळपणे प्रतिसाद देत नाहीत आणि आवाज विकृत होतो. बंदिस्त हवेची स्प्रिंग मात्र थोड्या दाबाला फारच इमानाने वागते. म्हणून विल्चर यांनी शंकू जवळजवळ सैल सोडला आणि त्याला सावरण्याचे मुख्य काम लहान बंद पेटीतल्या हवेकडे दिले. पहिल्या नमुन्यात शंकूची लवचीक कड गादीच्या खोळीच्या कापडाची होती आणि तिचा आराखडा काढायला त्यांच्या पत्नी रोझमेरी यांनी मदत केली होती.

याचाही प्रयोग सोपा आहे. सुई नसलेली मोठी सिरिंज घ्या, दट्ट्या अर्ध्यावर ठेवा आणि तोंड बोटाने बंद करा. दट्ट्या किंचित दाबून सोडा. तो परत येतो. आता दट्ट्या जवळजवळ आत लोटून, म्हणजे थोडीच हवा ठेवून, तेच करा. तेवढाच सरकवायला अधिक जोर लागतो. पेटी लहान म्हणजे स्प्रिंग ताठ, हे बोटालाच कळते.

विल्चर यांनी ही कल्पना प्रथम प्रस्थापित कंपन्यांना देऊ केली. ती कोणी घेतली नाही. तेव्हा १९५४ मध्ये आपला विद्यार्थी हेन्री क्लॉस याच्याबरोबर त्यांनी मॅसॅच्युसेट्‌समधील केंब्रिज येथे 'अकूस्टिक रिसर्च' नावाची छोटी कंपनी काढली. त्यांची पहिली पेटी, 'ए.आर.-१', सुमारे ६४ सेंटिमीटर लांब, ३६ रुंद आणि २९ खोल होती, म्हणजे पुस्तकांच्या फडताळात मावणारी. किंमत १८५ डॉलर. ही रक्कम सामान्य माणसाला अजूनही जड होती. १९५७ मध्ये शंभर डॉलरच्या आतली 'ए.आर.-२' आली आणि चित्र पालटले. १९५८ मध्ये स्टीरिओ तबकड्या निघाल्या. आता घरात एकाऐवजी दोन पेट्या हव्या झाल्या. दोन कपाटे दिवाणखान्यात कोण ठेवणार? लहान पेटीचा मार्ग मोकळा झाला.

विल्चर यांच्या पेटंटाला पुढे न्यायालयात आव्हान दिले गेले. हॅरी ऑल्सन आणि जॉन प्रेस्टन यांचे १९४९ चे पेटंट आधीच अस्तित्वात असल्याने ते टिकले नाही. विल्चर यांनी अपील केले नाही. लहान बंद पेटी कोणीही बनवावी, अशी वाट त्यामुळे खुली झाली. पुढे ते श्रवणयंत्रांच्या संशोधनाकडे वळले आणि तेथील आपली महत्त्वाची कल्पना त्यांनी पेटंट न घेता सरळ प्रसिद्ध केली.

तीनपैकी दोनच

मग लहान पेटीने निसर्गाला फसवले का? नाही. हेन्री क्लॉस यांचे पुढचे सहकारी अँटन हॉफमन यांच्या नावाने एक 'पोलादी नियम' सांगितला जातो. स्पीकरकडून आपल्याला तीन गोष्टी हव्या असतात: खोल खर्ज, लहान पेटी आणि थोड्या विजेत मोठा आवाज. यांपैकी कोणत्याही दोन मागा. तिसरी सोडावी लागेल.

गणितात सांगायचे तर स्पीकरची कार्यक्षमता पेटीच्या घनफळाच्या आणि सर्वांत खालच्या वारंवारतेच्या घनाच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. समजा, एक पेटी ८० हर्ट्‌झपर्यंत उतरते. तेवढ्याच घनफळात ४० हर्ट्‌झ हवे असतील तर वारंवारता निम्मी, तिचा घन एक-अष्टमांश. म्हणजे तेवढ्याच आवाजाला आठपट वॉट लागतील. वॉट वाढवायचे नसतील तर पेटी आठपट मोठी, म्हणजे प्रत्येक बाजू दुप्पट करावी लागेल. नववीच्या मुलांनाही हे उदाहरण सोडवता येईल. विल्चर यांनी विजेची किंमत मोजून खर्ज आणि लहान आकार मिळवला. त्यानंतर ट्रान्झिस्टरमुळे वॉट स्वस्त होत गेले म्हणून हा सौदा फायद्याचा ठरला.

भोक असलेल्या पेटीचे गणित मात्र बराच काळ अंदाजानेच चालले होते. १९६१ मध्ये सिडनीतील अभियंते नेव्हिल थीले यांनी दाखवले की स्पीकर आणि पेटी मिळून जे बनते ते विजेच्या गाळणीसारखेच, म्हणजे फिल्टर मंडलासारखेच असते. त्या मंडलांचे तयार गणित येथे जसेच्या तसे लागू पडते. पण त्यांचा निबंध ऑस्ट्रेलियातील एका नियतकालिकात छापला गेला आणि बाहेरच्या जगात दहा वर्षे जवळजवळ दुर्लक्षितच राहिला. १९७१ मध्ये अमेरिकेतील ध्वनिअभियंत्यांच्या संस्थेने तो पुन्हा छापला. पाठोपाठ सिडनी विद्यापीठात संशोधन करणाऱ्या रिचर्ड स्मॉल यांचे निबंध आले. त्यानंतर स्पीकर बनवणारे आपल्या मालाबरोबर मोजक्या आकड्यांची एक यादी देऊ लागले. त्या यादीवरून कोणीही पेटीचे माप काढू शकतो. पूर्वी जे काम अनेक पेट्या तोडून-जोडून होत असे, ते कागदावर होऊ लागले. आज स्वस्त पेटीतूनही नीटस आवाज मिळतो, त्यात या खुल्या गणिताचा वाटा फार मोठा आहे.

पडद्याआडची परीक्षा

आता दुसरा प्रश्न. आवाज चांगला आहे हे ठरवायचे कोणी आणि कसे?

१९१५ पासून एडिसन यांच्या कंपनीने अमेरिकेत गावोगाव कार्यक्रम केले. गायिका रंगमंचावर उभी राहून गाई, मध्येच थांबे आणि तिचीच तबकडी पुढे वाजत राही. श्रोते म्हणत, फरक कळला नाही! विल्चर यांच्या कंपनीनेही पुढे वादकांच्या चौकडीला घेऊन तसेच कार्यक्रम केले आणि तेव्हाही अनेक श्रोते फसले. पण एडिसनची तबकडी आज ऐकली तर ती आपल्याला मुळीच खरी वाटत नाही. म्हणजे थक्क झालेला श्रोता हा पुरावा नव्हे. दोन यंत्रे शेजारी ठेवून तुलना झाली पाहिजे, आणि ऐकणाऱ्याला कोणते वाजते आहे हे ठाऊक असता कामा नये.

कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी नेमके हेच केले. त्यांनी पेट्या पडद्याआड ठेवल्या, आवाजाची पातळी सारखी केली आणि श्रोत्यांकडून गुण घेतले. १९८५-८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातून दिसले की नाव-किंमत झाकली की चांगल्या श्रोत्यांची मते बरीच जुळतात. ज्या पेटीत कोणताच स्वर विनाकारण वर-खाली होत नाही, ती त्यांना आवडते. १९९४ मध्ये टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी ४० श्रोत्यांना त्याच पेट्या एकदा झाकून आणि एकदा उघड्या ऐकवल्या. उघड्या ऐकताना मोठ्या, महागड्या पेट्यांचे गुण वाढले आणि लहान, स्वस्त संचाचे घटले. हे श्रोते ध्वनिक्षेत्रातल्याच कंपनीत काम करणारे होते! डोळा कानाला शिकवतो, तो असा. आमच्या दुकानातल्या फजितीतही छापील आकड्याने आमच्या कानांना बोलूच दिले नव्हते.

मोजक्या पैशांत निवड

या इतिहासातून शाळेसाठी वा घरासाठी काही साधे नियम निघतात. पुढच्या खेपेस आम्ही तेच पाळले.

पहिला: पेटीवरचा मोठा आकडा विसरा. पेटीच्या आतच ॲम्प्लिफायर असेल तर मागच्या पट्टीवरचा वीजवापर वाचा. त्याहून अधिक सरासरी शक्ती तिच्यातून सतत निघूच शकत नाही.

दुसरा: तीनपैकी काय सोडायचे ते आधी ठरवा. वर्गाच्या खोलीत फार मोठा आवाज लागत नाही. तेथे कार्यक्षमता सोडून लहान पेटीत चांगला खर्ज घेता येतो. मैदानावरच्या प्रार्थनेला उलट आहे. तेथे आवाज दूर जायला हवा, खर्ज थोडा गेला तरी चालेल. तिन्ही गोष्टी देऊ असे कोणी म्हणाले तर सावध व्हा.

तिसरा: आपल्या ओळखीचा आवाज घेऊन जा. काळी एकचा षड्‌ज सुमारे १३९ हर्ट्‌झ असतो; तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्‌झच्या आसपास. ती ऐकू येते का? बायाँचा घुमारा वर-खाली सरकतो, की माठासारखा एकच स्वर येतो? आणि सर्वांत महत्त्वाचे, नुसते बोलणे ऐका. परिचित माणसाचा आवाज नाकात वा पिंपात गेल्यासारखा वाटला तर पेटी परत ठेवा.

चौथा: तुलना सारख्याच आवाजात करा. किंचित मोठा आवाज कानाला नेहमी 'चांगला' वाटतो, आणि हे विक्रेत्याला ठाऊक असते. शक्य असेल तर एकाने चादर धरावी, दुसऱ्याने पेट्या बदलाव्यात, तिसऱ्याने ऐकावे.

पाचवा: महागड्या तारांवर पैसे घालवू नका. ०.७५ चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर पाच मीटर टाकली तर जाऊन-येऊन रोध सुमारे पाव ओहम होतो. आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो किरकोळ आहे. ओहमच्या नियमाचे हेही एक छान उदाहरण. वाचलेले पैसे पेटीत घाला.

सहावा: जुनी पेटी घेत असाल तर शंकूची कड पाहा. ती फोमची असेल तर दमट हवेत काही वर्षांत भुगा होते. रबराची असेल तर पुष्कळ टिकते.

शेवटचा नियम फुकटचा आहे. पेटी भिंतीजवळ नेली की खर्ज वाढतो, कोपऱ्यात आणखी वाढतो, कारण खर्जाची लाट सर्व दिशांना न पसरता पुढेच लोटली जाते. फार घुमू लागला तर थोडी पुढे ओढा. आम्ही संगीतवर्गातली पेटी एक संपूर्ण दुपार जमिनीवर खडूच्या खुणा करत सरकवत होतो.

ही दुसरी पेटी म्हणजे तीच जड, लाकडी, '४० वॉट'वाली. या वेळी निवड आम्ही केली नाही. दहावीच्या बारा मुलांना पाठ करून बसवले, मागे चादर धरली आणि चार पेट्या वाजवल्या. बारांपैकी नऊ मुलांनी तिलाच पहिला क्रमांक दिला. चादर बाजूला झाल्यावर एका मुलीने विचारले, "पण सर, ही तर सर्वांत जुनाट दिसते!"

तो प्रश्न आम्ही फळ्यावर लिहून ठेवला आणि पुढचा तास तेथूनच सुरू केला.